पंखाखालची पावडर

धुळ्याच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची विमानं धुणं हे माझं काम, आणि त्यांच्या टाकीची गळती शोधणं हे आबांचं. या मेकॅनिकना सगळे नुसतं आबाच म्हणतात. तपासणीच्या दिवशी ते केसांना तेलसुद्धा लावत नाहीत. नाकाला दुसरा वास नको म्हणून.

एकदा देवपूरची एक मुलगी पहिल्यांदा एकटीने विमान उडवणार होती. आईवडील पेढे घेऊन आले होते. तिच्या विमानाच्या पंखाखाली पेट्रोलचा निळसर डाग होता. विमान चकाचक दिसावं म्हणून मी तो पुसला, आणि आबांना मोठ्या तोऱ्यात तसं सांगितलंही.

 आबांनी डागाच्या जागी टाल्कम पावडर लावली, घड्याळ काढून हातात धरलं आणि पंखाखाली मांडी घालून बसले. अर्धा तास. पंचवीस मिनिटं पावडर पांढरीच होती. मग पत्र्यातल्या एका रिव्हेटच्या खिळ्याभोवती हरभऱ्याएवढा निळा ठिपका उमटला.

"एवढं चालतं ना आबा?" इन्स्ट्रक्टरांनी विचारलं.

"बाहेर चालस. मझार देखू द्या."

पंखाचं शेजारचं तपासणीचं झाकण उघडून त्यांनी नाक आत नेलं, मग मला बोलावलं. पंखाच्या बंद पोकळीत पेट्रोलचा वास कोंडला होता. एका ठिणगीचा अवकाश होता.

उड्डाण रद्द झालं. मुलगी रडली. "पोरी, इमान कोठे पळी नही राहिनं," आबा म्हणाले.

डाग मी पुसला होता, हे त्यांनी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.