सावलीत वाळलेला मासा

शनिवारी जिना झाडलेला नव्हता. आमच्या इथल्या, जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या इमारतीत जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते. ज्याच्या दाराला पाटी टांगलेली असेल त्याने शनिवारपर्यंत जिना पुसून काढायचा, असा इकडचा रिवाज. पाटी समोरच्या मार्युनच्या दाराला होती. ताप असला तरी जिना चुकवणारी बाई नव्हती ती. बेल वाजवली, कोणी आलं नाही. मग मीच झाडू घेतला आणि मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावत तिचा जिना झाडला. संध्याकाळी तिचा मुलगा योर्ग आला. म्हणाला, आई पहाटे हॉस्पिटलात वारली. रात्री तिला नेलं तेव्हा आम्ही सगळे झोपलेलो... त्याला आता दीड महिना झाला.

सुनेच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीत आले आणि राहिले. पहिल्या खेपेला सातपाटीहून सुके बोंबील आणले होते. ऊन दिसलं तशी मी ते बाल्कनीत पसरले. अनघा, माझी सून, घाबरली. "अहो आई, इथे असं चालत नाही. लोक इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरकडे तक्रार करतात." तेवढ्यात बेल वाजली. "झालं!" अनघा म्हणाली. दारात माझ्याच वयाची, उंच, लाल गालांची बाई. आम्ही माफी मागायच्या तयारीत. ती मात्र नाक वर करून वास घेत सरळ बाल्कनीत गेली, एक बोंबील उचलला, कडकन मोडला आणि कच्चाच चावायला लागली. डोळे मिटून चावला. मग म्हणाली, "गूट. पण तुम्ही उन्हात का वाळवता?"

या एका प्रश्नावर आमचं भांडण सुरू झालं आणि ते सात-आठ वर्षं चाललं.

मार्युन जर्मन नव्हती. स्कॉटलंडच्या वर, भर समुद्रात फेरो नावाची बेटं आहेत, तिथल्या एका लहान मासेमारी गावाची ती. झाड औषधाला नाही, छपरांवर गवत, त्यावर कधी मेंढरू चढलेलं. पुरुष महिनोन्‌महिने आइसलँडकडे, ग्रीनलँडकडे कॉड धरायला. धरलेला मासा मिठात घालून आणायचे, आणि तो धुवायचा, खडकांवर पसरायचा, ही कामं बायकांची. हवा उघडली की व्यापारी काठीवर निशाण चढवायचा, ते दिसलं की बायका हातातलं काम टाकून धावायच्या. पावसाचा शिंतोडा आला की परत धावून सगळं झाकायचं. तो मासा जायचा स्पेनला. घरी खायचा मासा वेगळा. तो बिनमिठाचा, फळ्यांत फटी ठेवलेल्या खोपीत, सावलीत टांगायचा. वारा त्याला हळूहळू आंबवायचा. "विकायचा उन्हात, खायचा सावलीत," ती म्हणायची. मी म्हणायचे, "आम्ही वलांडीवर, बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील घालतो, कडक उन्हात. तुझा मासा वाळत नाही, कुजतो." ती म्हणायची, "तुमचा करपतो." माझं जर्मन बाजारापुरतं. अडलं की अनघा होती. पण माशावर भांडायला आम्हाला अनघा लागत नसे.

दर हिवाळ्यात ती बाल्कनीत कॉड टांगायची. खालच्या मजल्यावरचे बोंबलायचे, योर्ग शरमेने लाल व्हायचा. त्याने तो मासा जन्मात तोंडात घातला नव्हता. त्याचा बाप ट्रकवाला. उत्तरेच्या बंदरातून मासे आणायचा, तिथे मार्युन पेट्या भरायच्या कामाला होती. त्याच्याबरोबर ती इथे आली, समुद्र सोडून.

ती गाव सोडून का आली, हे तिने एकदाच सांगितलं. बटाटे सोलत होतो. एका वसंतात तिचा बाप आणि दोन भाऊ ज्या गलबतावर होते ते परत आलं नाही. गावातल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी गेलं. दफनभूमीत दगडावर तिघांची नावं कोरली, खाली कोणीच नाही. पुढे आई वारली, तिला तिथेच पुरलं. "तीन माणसांच्या दगडाखाली ती एकटी पडलीये," मार्युन म्हणाली. "मला तिच्याजवळ ठेवा." मी विचारलं, योर्गला सांगितलंस? तर म्हणाली, तो ऐकत नाही.

मग तिच्या वाढदिवसाच्या कॉफीला मीच विषय काढला. योर्ग मला म्हणाला, "फ्राऊ तांडेल, वडिलांच्या शेजारची जागा आम्ही कधीच घेऊन ठेवलीये."

"तुझ्या बापाला शेजारी हवी होती. हिला विचारलंस?"

"आई कधी काही बोलली नाही."

"बोलते. तू घड्याळ बघत असतोस."

अनघा माझं बोलणं जर्मनमध्ये सांगताना अर्धं गिळत होती. "पुरतं सांग," मी म्हटलं. तिने सांगितलं. योर्गने केक संपवला आणि म्हणाला, आल्झो, बरं, बघू. मार्युनने माझ्या बशीत केकचा दुसरा तुकडा टाकला. मला आवडत नाही हे तिला ठाऊक होतं.

ती गेल्यावर तिला इथेच जाळलं. अस्थींचं काय करायचं ते ठरायचं होतं. घर रिकामं करताना योर्ग बाल्कनीतले मासे काळ्या पिशवीत भरत होता. मी पिशवी हिसकावली आणि मासे माझ्या बाल्कनीत टांगले. या वेळी अनघानेच दोरी आणून दिली. गेल्या आठवड्यात योर्ग रिकाम्या घराची चावी परत करायला आला, माझ्या दारात घुटमळला. "झालाय का तो मासा?" त्याने विचारलं. मी आत जाऊन एक मासा काढला, मोडला आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने खाल्ला. तोंड इतकं वाकडं केलं की मला हसू आलं. पण थुंकला नाही. खूप वेळ चावत उभा राहिला. मग त्याने दुसरा तुकडा मागितला.

"डेन्मार्कवरून फेरोला बोट जाते," तो म्हणाला. "उन्हाळ्यात घेऊन जातो तिला." मी म्हटलं, "घड्याळ इथेच ठेवून जा."

मला रडता-बिडता येत नाही. नवरा गेला तेव्हाही लोक काय म्हणतील म्हणून पदर डोळ्यांना लावला होता. मार्युन असती तर आज बटाटे सोलत भांडलो असतो, एवढंच वाटतं.

एक मासा अजून बाल्कनीच्या कोपऱ्यात टांगलेला आहे. अजून माझं मत तेच, उन्हात टाकला असता तर केव्हाच वाळला असता. दुपारी बाल्कनीच्या या बाजूला ऊन येतं आणि दोरी इकडे सरकवायला माझा हात जातो... मग मी तो मासा आहे तिथेच, सावलीत राहू देते.