चार बिनमिठाचे काजू

बाबांना डायलिसिससाठी आम्ही रत्नागिरीला न्यायचो, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक काजूबागायतदार असत. नाव मी कधी विचारलं नाही. सुई टोचताना ते टोपी काढून छातीशी धरत. रक्तात पोटॅशियम वाढल्यापासून त्यांनी स्वतःच्या बागेतला एक काजूही तोंडात घातला नव्हता. बाबा तर आवडते शेंगदाणे बंद झाल्यापासून पथ्याला कंटाळून जेमतेम दोन घास खात.

एका सकाळी आहारतज्ज्ञ बाई त्या गृहस्थांना म्हणाल्या, "काका, रिपोर्ट सुधारलाय. आठवड्यातून एकदा चार काजू चालतील, पण बिनमिठाचे."

पुढच्या खेपेला त्यांनी पत्र्याची डबी आणली. बाईंना दाखवून एकेक काजू उचलला, आधी हुंगला, मग सावकाश चावला. बाबा टक लावून बघत होते.

"बागायतदार माणूस तुम्ही. चार काजूंनी काय होतंय?" बाबांनी विचारलं.

"अवो, काल एकपण नव्हता, आज चार हायत. हिकडून बघा की!" ते हसले.

त्या दिवशी निघताना बाबा आहारतज्ज्ञ बाईंच्या दाराशी थांबले.

"माझ्या रक्तात काय कमी झालं, म्हणजे शेंगदाणे चालतील?"

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.