ऑरिनचा ठोकळा

व्हर्ना स्ट्रॅटनचं नवऱ्याच्या रिव्हॉल्वरशी लग्नापासूनच वाकडं होतं. काळपट पोलाद, साधी लाकडी मूठ, ना नक्षी ना चकाकी. "पाहुणे आले की तुझा तो ठोकळा तेवढा झाकून ठेव," असं ती ऑरिनला सुनवायची. तिचं स्वतःचं पिस्तूल चंदेरी होतं, शिंपल्याच्या मुठीचं. जत्रेतल्या नेमबाजीत तिने ते जिंकलं होतं, आणि त्याचा तोरा अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या त्यांच्या अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होता.

सत्तरी उलटली आणि संधिवाताने तिचे अंगठे धरले. पिस्तुलात गोळी चढवायची तर वरचा भाग जोरात मागे खेचावा लागतो. तो तिच्याने जागचा हलेना. बाईने हे नवऱ्यापासून लपवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

पण जून तोंडावर आला. गुरं डोंगरातल्या कुरणात न्यायची होती. ऑरिनचा गुडघा गेलेला, त्यामुळे रोज वर जाऊन राखण करायला ती एकटीच. वाटेवर विषारी साप, आणि घोड्याचा पाय मोडला तर त्याचे हाल थांबवायलाही दुसरं कुणी नाही. बंदूक चालवता येत नसेल तर वर जायचं नाही, हा त्या घरचा नियम. ती गेली नाही तर गुरं विकावी लागणार होती.

एका सकाळी तिने रिव्हॉल्वर खुंटीवरून काढलं आणि ऑरिनच्या कॉफीशेजारी ठेवलं.

"माझं पिस्तूल मला आता ओढवत नाही," ती म्हणाली. "हे शिकव."

"चाळीस वर्षं ठोकळा म्हणत होतीस त्याला."

"अजूनही म्हणते. शिकवतोस, की जाऊ?"

कुंपणापलीकडे ऑरिनने खांबावर डबा ठेवला. तिने चाप ओढला. खट्ट झालं, पण बार उडाला नाही. गोळी जुनी होती, ओल लागलेली. व्हर्नाचा चेहरा उतरला. तिच्या पिस्तुलात असं झालं की तोच मेला भाग पुन्हा खेचावा लागायचा.

"नळी तशीच समोर धर. कधी बार उशिरा उडतो, थांब जरा," ऑरिन म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आता काही खेचू नकोस. नुसता चाप ओढ."

चाप जड होता, पण सरळ, कुठेही न अडखळता मागे आला. गोळ्यांची चक्री फिरली, पुढची गोळी समोर आली आणि डबा उडाला.

रिकामं केलेलं रिव्हॉल्वर तिने मग प्रथमच नीट पाहिलं. कुठल्याही सांध्यात नख शिरत नव्हतं. जास्तीचं काही नव्हतं, कमी काही नव्हतं. तिला भरून आलं.

"किती मन लावून केलंय रे कुणीतरी."

"देखणं आहे म्हण."

"तेवढं मागू नकोस."

सोमवारी उजाडताच ती घोड्यावर बसली. कमरेला ते रिव्हॉल्वर, त्यात नव्या गोळ्या. ऑरिन लंगडत फाटकापर्यंत आला.

"आता हे माझंच समजू ना?" तिने विचारलं.

"छे. उसनं दिलंय," फाटक उघडत तो म्हणाला. "रोज संध्याकाळी परत आणून द्यायचं. तुझ्या हातानं."