आत्यानं खोट न काढलेलं सांदण

मरायच्या चार दिवस आधी माझी आत्या माझ्याशी खोटं बोलली.

"छान झालंय," म्हणाली.

तिला जाऊन आज वर्ष झालं. हे दोन शब्द अजून पचलेले नाहीत.

ज्यांनी यमूआत्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवेआगरची. माझ्या वडिलांची थोरली बहीण. बारशाला माझं नाव तिनंच ठेवलं आणि पुढची पन्नास वर्षं ठेवतच राहिली.

माझ्या लग्नात नवरीकडे निरखून बघत म्हणाली होती, "पोरगी चांगली हाय. हिला फसवली कुनी?"

माझी जीभ फार तिखट आहे अशी तक्रार करणारे या फ्रेंडलिस्टमध्ये बरेच आहेत. हे दुकान मूळचं तिचं. मी नुसती शाखा.

मे महिन्याची सुट्टी म्हणजे आगरदांड्याला बोटीत बसायचं, दिघीला उतरायचं आणि आत्याकडे सांदण खायचं.

बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ. वाट्यांत घालून वाफवायचं, वर नारळाचं दूध. इडलीची गोड बहीण म्हणा हवं तर. आत्यासमोर म्हटलं असतंत तर उपाशी उठला असतात.

बरका म्हणजे मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा फणस. हाताला खोबरेल लावून आम्ही सगळी भावंडं ते गरे चाळणीवर घासायचो. कापा वेगळा. त्याचे गरे कडक. तो नुसता खायचा, त्याचं सांदण करायचं नसतं. हे दिवेआगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पहिली वाटी निघाली की आत्या सांदण मोडायची. अर्धं आतोबांच्या हातावर ठेवायची. आतोबा म्हणजे तिचा नवरा.

ते खायचे नाहीत. थांबायचे.

आत्या चव घ्यायची आणि खोट काढायची. स्वतःच्याच सांदणात.

"मीठ कमी पडलं."

"रवा जाड ऱ्हायला."

"गूळ मेला जुना हाय."

आतोबा म्हणायचे, "व्हय." मग खायचे. मग आमची पाळी.

इतक्या वर्षांत तिनं स्वतःला एकदाही पास केलं नाही.

पुढे एका वादळात परसातला बरका आडवा झाला. आत्या रडली नाही. "पडायला माजी न्हाणीच गावली त्याला," एवढंच म्हणाली. त्यानंतर आजूबाजूला ज्यांनी फणस लावले त्यांनी कापेच लावले. टूरिस्टला बुळबुळीत काही आवडत नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन.

"दिन्या, येताना सांदण करून आण. बगू तुला काय येतंय."

पनवेलच्या बाजारात मी बरका शोधला. म्हणजे अर्धा तास शोधला. ऊन होतं, मीटिंग होती. शेवटी कापा घेतला आणि मिक्सरमधून फिरवला.

कुणाला कळतंय, असं मनात म्हणालो.

जिला बंद पोत्यातल्या फणसाची जात वासावरून कळायची, तिच्याबद्दल म्हणालो.

बोटीत डबा मांडीवर धरून बसलो होतो. आतला ऐवज दिसायला सांदण आणि चावायला टायर.

चमच्यानं एक घास भरवला. ती बराच वेळ चावत राहिली. मी वाट बघत होतो. आता "मेल्या, कापा घातलास" येणार, मी कान धरणार, ती हसणार. सगळी तयारी होती.

"छान झालंय," ती म्हणाली. आणि माझ्या हातावर थोपटलं.

आतोबा दारात उभे होते. ते "व्हय" म्हणाले नाहीत.

आम्हा दोघांना तेव्हाच कळलं, ही चालली.

त्यानंतर वर्षभर आतोबांनी गोडाला हात लावलेला नाही. सणाला नाही, लग्नाला नाही. कुणी आग्रह केला तर ताटावरून उठतात.

म्हणून यंदा मी महिनाभर बरका शोधला. चौलच्या एका वाडीत मिळाला. वाडीवाल्या बाई म्हणाल्या, "न्या हो, न्या. झाडाखाली कुजतो नुसता, कोण विचारत न्हाय." गाडीला अजून वास येतोय. गाडी विकेपर्यंत येईल.

आज सकाळी आत्याच्या स्वयंपाकघरात सांदण केलं. तिची चाळण, तिच्या वाट्या. तांदूळ धुऊन, वाळवून, भरडून आणलेले. मिक्सरकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिली वाटी काढली. मोडली. अर्धं आतोबांच्या हातावर ठेवलं.

ते थांबले.

माझ्याकडे बघत राहिले.

मी चव घेतली. पंचवीस वर्षं मी जगाच्या चुका काढून लिहितोय. मंत्री सुटले नाहीत, साहित्यिक सुटले नाहीत, सोसायटीचा सेक्रेटरी तर नाहीच नाही. आणि हातात कोमट सांदण धरून मला एक खोट सापडेना.

मीठ बरोबर. गूळ बरोबर. रवा मऊ.

तरी ते तिचं नव्हतं.

"आतोबा, काय कमी आहे? तुम्ही सांगा."

"मला काय ठावं? ती सांगायची. मी व्हय म्हनायचो."

हात तसाच पुढे. त्यावर अर्धं सांदण, निवत चाललेलं.

"मीठ कमी पडलंय," मी म्हणालो.

त्यांनी हातावरच्या सांदणाकडे बघितलं.

"व्हय," म्हणाले. आणि खाल्लं.

आत्या, मीठ बरोबर होतं.

काय कमी होतं ते तुला माहीत होतं, आणि तू न सांगता गेलीस.

नमस्कार करतो.