पाण्यात थांबलेला ठिपका

आप्पांची अट सरळ होती. डोंगरात एकटी जायचं तर फोनवर लोकेशन चालू ठेवायचं, नाहीतर जायचं नाही. मी भडकले. कामावरच्या बायकांच्या मोबाइलमध्ये पाळतीचं ॲप घालण्याविरुद्ध मी पत्रकं लिहिते, गावोगाव वाटते, आणि माझ्याच घरात माझ्याच गळ्यात घंटा? "मी काय गाय आहे का?" असं विचारलं.

आप्पा, माझे वडील, तापीकाठच्या कळसाडीचे, ऊस-कापूस करणारे. उसाला पाणी देता देता म्हणाले, "गाय सांजले आपली आपली घर येस. तू येस का?"

मी फोन काढला. लोकेशन चालू केलं. डोंगरातलं काम मला सोडायचं नव्हतं, आणि मोटरसायकल त्यांची होती.

त्या दिवशी मणिबेलीला बैठक होती. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, उरलेली घरं वरच्या टेकड्यांवर, म्हणून नावेनंच जावं लागतं. नाव पाण्याच्या मध्यावर आली की रेंज जाते. हे मला ठाऊक होतं. आप्पांना मी सांगितलं नव्हतं. खरं सांगते, रेंज गेली तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

इकडे त्यांच्या फोनवर माझा ठिपका भर पाण्यात थांबला. तापीकाठच्या सपाटीचा माणूस, रेंज गेली की शेवटचा ठिपका तसाच राहतो हे त्याला कुठून माहीत? त्यांना एवढंच दिसत होतं की लेक तीन तास पाण्यात आहे आणि हलत नाही. शेजाऱ्याची मोटरसायकल मागून घेतली, घरी कुणाला न सांगता निघाले, ते थेट नावेच्या काठावर.

नावाड्याला त्यांनी विचारलं, सकाळी एक पोरगी नेली का, कुठं उतरवली? नावाडी म्हणाला, "कोण विचारतो?" बाप, म्हटल्यावरही तो सांगेना. त्या काठावर मुलीला शोधायला भाऊ येतात, मजुराला शोधायला मुकादम येतात, आणि सगळेच स्वतःला जवळचे म्हणवतात. म्हणून कोण कुठं उतरलं हे नावाडी परस्पर सांगत नाहीत. आधी त्या माणसालाच विचारतात. आप्पांना तो एवढंच म्हणाला, "जिवंत आहे. बस इथं."

मग नाव घेऊन आला, टेकडी चढला आणि बैठकीतून मला बाहेर बोलावलं.

"बाई, काठावर एक माणूस बसलाय. तुझा बाप म्हणतो. तू इथं आहे हे सांगू का नको?"

दोन वर्षं मी पत्रकांतून ओरडत होते की कुणाचा ठावठिकाणा घेण्याआधी त्याला विचारा. मला स्वतःला तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

"कसा दिसतो?"

"एका पायात त्याची चप्पल, एका पायात बाईची."

मी बैठक अर्धी टाकून खाली उतरले आणि त्याच्या नावेत बसले.

आप्पा काठावरच्या दगडावर बसले होते. डाव्या पायात आईची चप्पल. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "जेवनी का?"

मी सगळं सांगून टाकलं. रेंज जाते हे माहीत होतं, मुद्दाम बोलले नाही. ते माझ्यावर रागवायला हवे होते, तर नावाड्यावर घसरले. "कसा मानूस शे हाऊ! मन्ही आंडेर कोठे शे, ते मालेच सांगत नही." आंडेर म्हणजे लेक, म्हणजे मी.

परतीच्या घाटात त्यांची गाडी माझ्या गाडीशेजारी आली, तेव्हा मात्र मान न वळवता बोलले, "बरं शे पन. दुसराले बी सांगाव नही तो."

आता अट गेली आहे. सकाळी निघताना विचारतात, "आज ठिपका दखाडशी का?" बहुतेक वेळा मी हो म्हणते, काठापर्यंत दाखवते आणि पुढं रेंज नाही हे बजावते. कधी नाही म्हणते. मग ते दिवसभर फोन करत नाहीत. आई सांगते, त्या दिवशी उसात पाणी जास्त सोडलं जातं. जाऊ दे. तेवढं त्यांनी सोसावं. सोमवारी मला पुन्हा मणिबेलीला जायचं आहे, एकटीला, आणि मोटरसायकलची टाकी त्यांनी कालच भरून ठेवली आहे.