नऊ स्थलांतरे

१४ मार्च २०१७, मंगळवार. त्या सकाळच्या सभेचे हजेरीपत्रक उपलब्ध आहे. त्यावर तेवीस सह्या आहेत. इतिवृत्ताच्या तिसऱ्या पानावर अकरा वाजून वीस मिनिटांना एक नोंद आहे : ‘एक मुलाखतकार परवानगी न घेता सभागृह सोडून गेले.’ नाव दिलेले नाही. हे मुलाखतकार म्हणजे इस्त्रीभाऊ.

इस्त्रीभाऊ तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. वडिलांचे इस्त्रीचे दुकान त्यांनी चालवायला घेतले आणि तेविसाव्या वर्षी त्यांना पावडरीची सवय लागली. आधी ओढून, मग सुईने. चौदा वर्षांत दुकान बुडाले आणि डाव्या हाताच्या शिरा निकामी झाल्या. त्यानंतर व्यसनमुक्तीच्या वॉर्डात एकवीस दिवस काढून ते बाहेर पडले. निघताना सिस्टरने हातात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी दिली आणि बजावले, “ही सोडलीस तर मी तुला ओळखत नाही.” ही गोळी शरीराची तलफ भागवते, नशा चढू देत नाही. दहा वर्षे झाली, त्यांनी ती सोडलेली नाही.

सुई-बदल केंद्रात त्यांना नोकरी मिळाली ती या इतिहासामुळेच. केंद्र दोन खोल्यांचे, टायर दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. खिडकीतून वापरलेली सुई द्यायची आणि नवी घ्यायची. एकच सुई चौघांत फिरू नये, आजार पसरू नये, एवढाच त्यामागचा हेतू. इस्त्रीभाऊंच्या शर्टाची घडी जुन्या सवयीने कडक असे. खिडकीशी येणारे चिडवत, “इस्त्रीभाऊ, तुमच्या बाहीनंच शीर कापली जाईल, सुई कशाला देताय?” ते उत्तर देत, “आधी मागची सुई टाक डब्यात. फाजीलपणा नंतर.”

२०१४ मध्ये याच केंद्राला एका अभ्यासाचे काम मिळाले. वॉर्डातून बाहेर पडणाऱ्या एकशे अठरा जणांचे दोन गट केले गेले. एकोणसाठ जणांना गोळी पुढे चालू ठेवायची, उरलेल्या एकोणसाठांना नाही. कोण कोणत्या गटात आहे हे मुलाखतकाराला सांगायचे नाही आणि त्यानेही विचारायचे नाही. अभ्यासातून नेमके काय शोधायचे आहे, हेही त्याला कळू द्यायचे नाही. त्याच्या मनाचा कल उत्तरांत उतरू नये, यासाठी हा नियम. नियम योग्यच होता. महिन्याने प्रत्येकाचे घर गाठायचे आणि फॉर्मच्या शेवटच्या चौकटीत एक आकडा लिहायचा : एक म्हणजे भेटला, दोन म्हणजे स्थलांतर, तीन म्हणजे तुरुंगात, चार म्हणजे मृत. चार लिहिल्यास वेगळे पुरवणीपत्र जोडावे लागे. त्यावर मृत्यूचे कारण आणि घरच्यांची सही हवी. सही नसेल तर कार्यालय फॉर्म परत पाठवी. दोन लिहिल्यास काहीच जोडावे लागत नसे.

माणसे शोधण्यात इस्त्रीभाऊंचा हात धरणारे कोणी नव्हते. पूर्वीच्या एका अभ्यासात चौथाई माणसांचा पत्ता लागला नव्हता. या अभ्यासातले एकूण एक घर त्यांनी गाठले.

पहिले मृत्यूचे घर त्यांना ऑगस्टमध्ये लागले. एकोणतीस वर्षांचा ट्रकचा क्लीनर, वॉर्डातून सुटल्यावर सहाव्या दिवशी मेलेला. त्याच्या आईशी झालेले बोलणे इस्त्रीभाऊंनी पुढे चौकशीत दोनदा सांगितले, आणि दोन्ही कथने जवळजवळ शब्दशः जुळतात.

“सगळ्यांना सांगितलंय, हृदय बंद पडलं,” आई म्हणाली. “धाकटीचं लग्न ठरतंय. तुमच्या कागदावर मी सही नाही करायची.”

“आई, कागदावर नावच नाहीये. नुसता आकडा असतो.”

“मग त्या बिचाऱ्या आकड्याला तरी कशाला मारताय?”

इस्त्रीभाऊंनी फॉर्म उचलला आणि ते बाहेर आले. जिन्यात उभे राहून त्यांनी चौकटीत दोन लिहिले. मेलेल्याने पुन्हा सुई घेतली की नाही, हे कुणी विचारणार नव्हते. अभ्यास जिवंत माणसांचा आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुढच्या सात महिन्यांत त्यांनी आणखी आठ वेळा दोन लिहिले. कुठे बायको हात जोडत होती, कुठे बापाने दारच उघडले नाही, एका घरी तर चहा पाजून विनवण्यात आले. नऊही फॉर्म जपलेले आहेत. अक्षर सुवाच्य आहे, खाडाखोड एकाही ठिकाणी नाही.

आता मार्चच्या त्या सभेकडे. अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई निष्कर्ष वाचून दाखवत होत्या. इस्त्रीभाऊ शेवटच्या रांगेत बसले होते; अभ्यास कशासाठी होता, हे मुलाखतकारांना त्या दिवशी प्रथमच सांगितले जाणार होते. त्यांचे अर्धे लक्ष घड्याळाकडे होते. त्यांचा चौतीस वर्षांचा धाकटा भाऊ, वायरमन, सहा वर्षे सुईवर होता. इस्त्रीभाऊंनी पाठ धरून त्याला वॉर्डात घातले होते आणि त्याच सकाळी त्याचे एकवीस दिवस पुरे होत होते.

“पहिल्या महिन्यात दोन्ही गटांत मिळून एकही मृत्यू नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नऊ जण स्थलांतरित. म्हणजे वॉर्डनंतर गोळी चालू ठेवल्यानं जीव वाचतात, असं काही दिसत नाही.”

इतिवृत्तात यापुढे फक्त ‘चर्चा झाली’ असे आहे. ती चर्चा काय झाली, हे हजर असलेल्या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले.

इस्त्रीभाऊ उठून उभे राहिले. “मॅडम, ते दोन नंबरवाले कुठं गेलेले नाहीत.”

“कोण दोन नंबरवाले?”

“स्थलांतरवाले. नऊच्या नऊ मेलेत. सहा जणांना पोचवायला मी स्वतः होतो.”

कुणीतरी हसले, विनोद आहे असे त्याला वाटले असावे. डॉक्टरीणबाईंच्या हातातला कागद तसाच वर धरलेला राहिला. “तुम्हाला हे माहीत होतं?”

“ते मेलेत हे माहीत होतं. तुम्ही त्यांना जिवंत धरलंय, हे नव्हतं माहीत.”

शेजारी बसलेल्या आकडेतज्ज्ञाने संगणकावर नऊ क्रमांक गटांशी ताडून पाहिले. त्याला दीड मिनिट लागले. नऊपैकी आठ जण गोळी न मिळालेल्या गटातले निघाले.

यात गूढ काही नाही. सुई घेणाऱ्याचे शरीर त्या मात्रेला सरावलेले असते. तीन आठवडे ती बंद राहिली की सराव मोडतो, पण माणसाला आठवते ती जुनीच मात्रा. तेवढीच पुन्हा घेतली की श्वास थांबतो. इस्त्रीभाऊंना हे पाठ होते. खिडकीत बसून ते रोज हेच सांगत. म्हणूनच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

“पण वॉर्डातून निघताना गोळ्या देतात ना? मला दिल्या होत्या.”

“प्राथमिक निष्कर्ष आम्ही त्यांना जानेवारीतच कळवले होते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एक तारखेपासून त्यांनी गोळ्या बंद केल्यात.”

अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. वॉर्डातून सोडण्याची वेळ दहाची.

इस्त्रीभाऊंनी वॉर्डाला फोन लावला नाही, थेट केंद्राकडे धाव घेतली. तिथल्या कपाटातून नॅलोक्सोनची तीन इंजेक्शने उचलली. थांबलेला श्वास परत चालू करणारे हे औषध. खिडकीशी आलेल्या एकाची मोटरसायकल मागून घेतली आणि धाकट्याचे घर गाठले. लेथच्या कारखान्यामागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. भावजयीने पडदे धुऊन वाळत घातले होते आणि ती कधी नव्हे इतकी खुशीत होती.

“भाऊजी, अगदी वेळेवर आलात! तुमचे बंधू आलेत, एकदम ठणठणीत. वॉर्डवाले म्हणाले, आता औषधाचीसुद्धा गरज नाही.”

“कुठंय तो?”

“आंघोळीला गेलेत. एकवीस दिवसांचा मळ आहे म्हणाले, वेळ लागेल.” ती हसली. “अहो, चपला तरी काढा!”

“किती वेळ झाला?”

“झाली असतील पंधरा मिनिटं. का हो?”

न्हाणीघरात पाणी वाहत होते आणि त्या आवाजाखाली एक घोरण्यासारखा आवाज होता. कडी आतून होती. पहिल्या कथनात इस्त्रीभाऊ म्हणतात की दार खांद्याने तोडले. दुसऱ्यात म्हणतात की भावजयीने वरवंट्याने बिजागरी उडवली. भावजयीला यातले काहीच आठवत नाही. दाराची बिजागरी नवी आहे, एवढे पाहता येते.

धाकटा बादलीला टेकून बसला होता, पूर्ण कपड्यांत. ओठ निळे पडले होते. सुई अजून दंडात होती आणि ती केंद्राचीच होती. तिच्या टोपणाचा रंग इस्त्रीभाऊंनी लगेच ओळखला. त्यांनी त्याला आडवे केले, पँटवरूनच मांडीत इंजेक्शन दिले आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरू लागले. भावजय दारात उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, “पण ते बरे झालेत, भाऊजी. ते बरे झालेत.” तीन मिनिटांनी दुसरे इंजेक्शन. त्यानंतर छाती आपणहून हलली.

शुद्धीवर येताच धाकटा चिडला. “काय धरून बसलायस? सोड मला. शर्ट भिजवलास सगळा.”

“किती घेतलंस?”

“नेहमीएवढंच! जास्त कुठं घेतलंय?”



नॅलोक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो. पावडरीचा त्याहून अधिक टिकू शकतो. म्हणून उठून निघालेल्या धाकट्याला इस्त्रीभाऊंनी अक्षरशः अंगावर बसून अडवले आणि रुग्णवाहिका मागवली. धाकट्याने त्यांना शिव्या दिल्या, चावाही घेतला. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयात त्याचा श्वास पुन्हा मंदावला. केसपेपरवर तिसऱ्या मात्रेची नोंद आहे. संध्याकाळपर्यंत तो धोक्याबाहेर आला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीभाऊंनी त्याला जिभेखालची गोळी सुरू करून दिली. ती आजही चालू आहे.

चौकशी समितीने इस्त्रीभाऊंना संशोधनाच्या कामातून काढले आणि खिडकीवर ठेवले. निर्णय त्यांनी उभे राहून ऐकला. ‘फॉर्म भरताना मला एकदा विचारायला हवं होतं,’ एवढेच त्यांचे म्हणणे नोंदले आहे. पुरवणीपत्रावरची सहीची अट काढून टाकण्यात आली. दुरुस्त अहवाल छापला गेला. मृत्युनोंदींशी नऊपैकी सात नावे जुळली. सातही ठिकाणी कारण हृदयविकार असे लिहिले आहे.

वॉर्डाने १९ मार्चपासून गोळ्या पुन्हा देणे सुरू केले. मधल्या अठरा दिवसांत, धाकटा धरून, सोळा जण गोळीशिवाय बाहेर पडले होते. त्यांना शोधायला समितीने कुणाला सांगितले नव्हते. तरी रविवारी खिडकी बंद असताना इस्त्रीभाऊ त्यांची घरे शोधू लागले, आणि हे काम सहा महिने चालले. धाकट्यासकट बारा जण जिवंत होते. एकाच्या घरी आईने दार उघडले आणि काही न विचारताच सांगितले की तो हृदय बंद पडून वारला. या वेळी त्यांनी तिला सगळे सांगितले, तिच्याकडून तारीख घेतली आणि स्वतःच्या वहीत चार लिहिले.

उरलेल्या तिघांचे पत्ते खोटे होते. ते जिवंत आहेत की नाहीत, हे माहीत नाही. नऊपैकी ज्या दोघांची नावे मृत्युनोंदींत सापडली नाहीत, त्यांचा मृत्यू कुठे नोंदला गेला किंवा नोंदला गेला की नाही, हेही माहीत नाही.