स्टेनोकाकांचं विमान

आमच्या कसबा पेठेतल्या गल्लीत स्टेनोकाकांइतकं भरभर बोलणारं कोणी नव्हतं, आणि त्यांच्याइतका गंभीर चेहराही कोणाचा नव्हता. समोरचा हसून हसून भिंतीला टेकलेला असायचा आणि काका मात्र घरात कोणी आजारी असल्यासारखे उभे. एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक टाय लावलेला मुलगा त्यांच्या दारात आला. "सर, आपल्याकडे पाणी कसं येतं?" त्यानं अदबीनं विचारलं. "नळातून," काका म्हणाले. "तसं नाही सर, क्वालिटी कशी असते?" "पातळ असते." तो मुलगा जिना उतरून खाली आला तेव्हा हसत होता. यंत्र काही खपलं नव्हतं, तरीही.

कोर्टात त्यांची स्टेनोची नोकरी. साक्षीदार बोलेल ते त्याच वेगानं लघुलिपीत उतरवायचं आणि नंतर टाइप करायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. तिथे रडारड, शिवीगाळ, थापा, सगळं ऐकावं लागे आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा ठेवावा लागे. तो चेहरा मग घरीही तसाच राहिला असावा. "साक्षीदार बोलतो ते लिहायचं. हसायचं असेल तर न्यायाधीश हसतील," असं ते म्हणायचे. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पत्र टाकणारा पोस्टमनसुद्धा "स्टेनोकाका, पत्र!" अशीच हाक मारायचा.

मी तेव्हा शाळेत होते. घरोघरी केबलच्या वायरी येऊ लागल्या होत्या, पण आमच्या गल्लीत अजून आल्या नव्हत्या. गणपती झाले की मंडळाची पोरं कार्यकर्त्यांसाठी म्हणून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायची आणि रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत सिनेमा लावायची. कार्यकर्त्यांच्या मागोमाग आम्ही सगळेच आत घुसायचो. त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष राजू कॅसेटच्या दुकानात गेला आणि वेष्टनावर विमान दिसलं म्हणून लढाईचा सिनेमा समजून एक कॅसेट घेऊन आला.

सिनेमा लागला तर तो इंग्रजी. त्यात लढाई नाही, बंदूक नाही. विमान पडायला आलंय आणि आतली माणसं भराभर काहीतरी बोलतायत. पडणाऱ्या विमानांचे जे गंभीर इंग्रजी सिनेमे निघायचे, त्यांची कोणीतरी उडवलेली ती टर होती. पण हे आम्हाला कोण सांगणार? खोलीत गोंधळ सुरू झाला. कोणी राजूला शिव्या देतंय, कोणी कॅसेट परत कर म्हणतंय. तेवढ्यात दारात स्टेनोकाका आले. ते आवाजाची तक्रार करायला आले होते. त्यांची दुपारची झोप मोडली होती.

तक्रार करायच्या आधी त्यांची नजर पडद्यावर गेली. दोन मिनिटं ते दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "राजू, आवाज कमी कर. तुझा नाही, टीव्हीचा. तुझा बंदच कर." आणि चपला काढून ते टीव्हीच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

त्यानंतर जे झालं ते मला आजही जसंच्या तसं सांगता येणार नाही, कारण ते इतकं वेगात झालं. पडद्यावरच्या प्रत्येक माणसाच्या तोंडात काका मराठी घालू लागले. हवाई सुंदरी तोंड उघडते आणि काका म्हणतात, "प्रवाशांनी कृपया घाबरू नये. घाबरण्याची वेळ लवकरच जाहीर करण्यात येईल." वैमानिक विचारतो, "आपण किती उंचीवर आहोत?" शेजारचा सांगतो, "मघाशी होतो त्याच्या खाली." एक म्हातारी उठून उभी राहते: "अहो, जरा खिडकी उघडा, घुसमटतंय!" मग कर्ण्यातून सूचना येते: "दोन्ही इंजिनं बंद पडलेली आहेत. आवाजाची तक्रार करणाऱ्यांनी आता तरी समाधान मानावं." एका वाक्याचं हसू संपायच्या आत दुसरं येऊन आदळायचं. आमच्या शेजारच्या सुमनमावशी डोळे पुसत म्हणाल्या, "अहो काका, जरा थांबा हो, मागचं राहिलं!" काका पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, "राहिलं ते सोडा. विमान थांबत नाही."

मध्येच ते प्रामाणिकपणे सांगायचेही. "हा विनोद इंग्रजी शब्दावरचा आहे. मराठीत होत नाही. त्याच्या बदल्यात दुसरा घ्या." आणि दुसरा द्यायचे. तो पहिल्यापेक्षा बरा असणार, अशी आमची खात्री असायची.

मग ते दरवर्षीचंच झालं. गणपती उठले की लोक राजूला विचारायचे, "विमान कधी?" बाजूच्या पेठांतूनही माणसं यायची. मंडळानं कर्णा आणि माइक आणला. कॅसेट इतकी झिजली की पडद्यावर आडव्या रेघा नाचायच्या, पण बघत कोण होतं? आम्ही ऐकायला जायचो. आणि दरवर्षी वाक्यं बदलायची. नवा रस्ता खणला असेल तर विमान त्या खड्ड्यावरून जायचं, नळाला पाणी नसेल तर प्रवाशांना पाणी मिळायचं नाही. घरी काकू आम्हाला म्हणायच्या, "आठवडाभर आरशासमोर बडबड चाललीय." म्हणजे ते सहज सुचत नव्हतं. तयारी करावी लागत होती, आणि ती ते करत होते.

अशी दोन-तीन वर्षं गेली आणि माझ्या वडिलांची कंपनी बंद पडली. पिंपरीकडे एका कारखान्यात ते लेथ मशीनवर होते. बाहेरून नवा, स्वस्त माल यायला लागला आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. गल्लीतल्या आणखी तीन-चार घरांवर तीच वेळ आली होती. ती माणसं चिडली, ओरडली, मोर्चात गेली. बाबा मात्र गप्प झाले. आधीही ते कमीच बोलायचे, पण आता "जेवण वाढू का?" या प्रश्नालाही मान हलवायचे. घराबाहेर पडणं त्यांनी सोडून दिलं. भाजी आणायला सांगितलं तरी जागचे हलायचे नाहीत, म्हणून आईनं सांगणंही सोडलं. खिडकीशी खुर्ची टाकून ते बसून राहायचे. आम्ही घरात पाय न वाजवता वावरायला शिकलो.

अशाच एका संध्याकाळी दार वाजलं. स्टेनोकाका आत आले, कोणी बसा म्हणायच्या आत बसले आणि म्हणाले, "मोहनराव, मला माणूस हवाय."

बाबांनी खिडकीबाहेरची नजर त्यांच्याकडे वळवली.

"विमानासाठी. खाली विमानतळावर टॉवर असतो. वैमानिक त्याच्याशी बोलतो. मी एकटा दोन्हीकडून बोलतो तर लोकांचा घोटाळा होतो. टॉवर तुम्ही करा."

पुष्कळ दिवसांनी बाबांचा आवाज आला. "मला इंग्रजी येत नाही."

"त्यांना कुठे मराठी येतं? तरी बोलतायत ना?"

"मला असलं काही जमणार नाही, काका."

"न जमणाराच हवाय. ते विमान पाडायचंय, उडवायचं नाही." एवढं बोलून ते उठले. दारात थांबून आईला म्हणाले, "वहिनी, रविवारी यांना इस्त्रीचा शर्ट द्या. टॉवरवर साहेब लोक असतात."

रविवारी बाबा जातील असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण शर्टाला इस्त्री झाली होती आणि काका खाली येऊन उभे राहिले होते. "मोहनराव, उशीर झाला तर विमान आपोआप पडेल," असं त्यांनी खालून ओरडून सांगितलं. बाबा उतरले. आई आणि मी मागच्या भिंतीशी उभ्या राहिलो. मला वाटत होतं, हा माणूस सगळ्या गल्लीसमोर गप्प राहील आणि मग पुन्हा कधीच बाहेर पडणार नाही.

काका सुटले. खोली हसत होती. मग पडद्यावर ढग आले, ढगांत विमान, आणि काकांनी माइकमध्ये विचारलं, "हॅलो टॉवर! आमचं एक इंजिन बंद पडलंय. ऐकू येतंय का?"

बाबांच्या हातातला दुसरा माइक तसाच. पडद्यावर ढग सरकतायत. मागून कोणीतरी खोकलं. काकांनी घाई केली नाही. जगातल्या सगळ्यात भरभर बोलणाऱ्या माणसानं तोंड मिटून वाट पाहिली.

"दुसरं चालू आहे ना?" बाबा म्हणाले. "मग एवढं ओरडताय काय?"

खोली फुटली. काका लगेच म्हणाले, "टॉवर, दुसरंही बंद पडलं."

बाबांनी माइक तोंडाजवळ नेला. "म्हणजे कंपनीच बंद झाली म्हणा की."

एक क्षण कोणी हसलं नाही. तिथे बसलेल्या कितीतरी जणांना ते वाक्य जिथे लागायचं तिथे लागलं होतं. मग कुलूप लागलेल्या त्याच कारखान्यातले आमच्या समोरचे शिंदेकाका मांडीवर थाप मारून हसायला लागले, आणि त्यांच्या मागोमाग सगळेच. आई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मी तिला विचारलं नाही. त्या गदारोळात काकांचा आवाज आला, कोर्टातल्यासारखा सरळ: "होय साहेब. पण आम्ही अजून वरच आहोत. आता काय करू?"

"यायचं तेव्हा या," बाबा म्हणाले. "आम्ही कुठं जातोय?"

त्या दिवसानं बाबांना नोकरी दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून भाजी आणायला गेले. रस्त्यात लोक त्यांना "काय टॉवरसाहेब" म्हणू लागले. माणसं भेटू लागली, आणि अशाच एका भेटीतून भवानी पेठेतल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांना काम मिळालं. जुन्या पगाराइतकं नव्हतं, पण लेथच होतं. पुढची काही वर्षं विमानाला दोन आवाज राहिले. घरोघरी केबल आल्यावर मंडळाच्या खोलीत येणारे कमी झाले, राजूनं व्हीसीआर आणणं बंद केलं आणि विमान कायमचं उतरलं. काकाही निवृत्त झाले. ते त्याबद्दल कधी हळहळले नाहीत. "एकच विमान किती वर्षं पाडायचं?" म्हणाले.

मी कॉम्प्युटर शिकले आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागले. पुढे कंपनीनं मला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. आमच्या घरातून विमानात बसणारी मी पहिलीच. निघायच्या दिवशी काकांच्या पाया पडले तर म्हणाले, "पोचलीस की फोन कर. नाही पोचलीस तर करू नकोस, मी समजून घेईन." आई चिडली. मला मात्र विमान पहिल्यांदा हललं तेव्हा तेच आठवलं आणि शेजारच्या गोऱ्या बाईनं चमकून माझ्याकडे पाहावं इतकी मी हसले.

तिथे एका सहकाऱ्याच्या घरी एकदा तोच सिनेमा लागला. आता मला इंग्रजी समजत होतं. सिनेमा गमतीचाच होता, पण मी बघत राहिले आणि मला आमच्या ओळखीची निम्मी वाक्यं सापडेनात. म्हातारी खिडकी उघडा म्हणत नव्हती. घाबरण्याची वेळ कोणी जाहीर करत नव्हतं. हे मी अंदाजानं धरलंच होतं. पण मग ते ढग आले, विमान आलं, आणि मी सावरून बसले. तिथे नुसतं संगीत वाजत होतं. वैमानिक कोणाला काही विचारत नव्हता. त्या जागी टॉवरचं कामच नव्हतं.

मी पुण्याला फोन लावला. "काका, मी आज विमान पाहिलं. त्यात ढगांच्या वेळी कोणीच बोलत नाही."

"नसेल बोलत."

"मग बाबा बोलायचे ते?"

"जागा रिकामी होती," ते म्हणाले. "ढगांना काय बोलायचं असतं? बरं, तिकडे थंडी फार आहे का?" आणि त्यांनी विषय थंडीवर नेला. मी बाबांना काही सांगितलं नाही.

काकांच्या शेवटच्या वर्षात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. मी सुटीवर आले होते तेव्हा पाहायला गेले. पलंगाजवळच्या खुर्चीवर बाबा बसले होते आणि बोलत होते. रस्त्यावरचे नवे पूल, वर्कशॉपमधल्या नव्या पोरांची इंग्रजी-हिंदी मिसळलेली मराठी, धायरीला शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती. एकामागून एक, न थांबता. काकू म्हणाल्या, "रोज येतात गं. दिवे लागायच्या वेळेला. आणि तास-तास बोलतात." काकांची नजर बाबांच्या तोंडावरून हलत नव्हती. बाबा कुठे अडले तर काका उजव्या हाताचं बोट थोडंसं उचलायचे, पुढे चला म्हणून.

काका गेले तेव्हा मी परत तिकडे होते, पण शोकसभेला पोचले. मंडळाच्या त्याच खोलीत सभा होती. राजू बोलला, कोर्टातले एक वृद्ध वकील बोलले. मग कोणी न बोलावता बाबा उठले.

"कंपनी बंद झाली तेव्हा मी घरात बसून होतो," ते म्हणाले. "हे आले आणि म्हणाले, मला माणूस हवाय. सिनेमात ढगांच्या त्या जागी कोणी बोलतच नव्हतं, टॉवरला काही काम नव्हतं. मला इंग्रजी येत नाही, पण डोळे होते. पहिल्याच दिवशी मला ते दिसलं होतं. मी त्यांना कधी बोललो नाही. त्यांनीही..." एवढ्यावरच ते मान खाली घालून बसले.

पुढच्या रांगेत बसलेल्या काकूंनी वळून पाहिलं.

"बसलात काय, मोहनराव?" त्या म्हणाल्या. "उठा. नीट सांगा. मला हे काहीच माहीत नव्हतं."

बाबांनी डोळे पुसले, उभे राहिले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.